दिनविशेष : २१ ऑक्टोबर १८५८

चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) तुरुंग, पिंपळाचं झाड आणि जेमतेम पंचवीस वर्षांचा तरुण. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांना इंग्रजांनी आजच्या दिवशी इथे फासावर चढवलं.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रिक्टन. लष्करातला हा अधिकारी इथे एकाच वेळी महसूल, न्याय आणि फौज सांभाळत होता. मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी इंग्रजांविरुद्ध उठाव करून राजगड परगणा ताब्यात घेतला आणि चालून आलेल्या इंग्रजी तुकडीला नांदगाव घोसरीजवळ मागे रेटलं. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तारायंत्र छावणीवर छापा पडला. गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज ठार झाले, त्यांचा साथीदार पीटर निसटला आणि ही बातमी घेऊन क्रिक्टनकडे पोहोचला.

जंगल आणि नदी-नाले बाबुरावांच्या फौजेतल्या गोंड, माडिया, रोहिल्यांच्या पायाखालचे. तिथे कवायती फौजेची मात्रा चालेना. मग क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. १८ सप्टेंबरला बाबुराव पकडले गेले, ते आपल्याच मुलखातल्या माणसांकडून. हे लिहिताना आजही जीव तुटतो. त्यांची गावं पुढे राणीला बक्षीस मिळाली.

चांद्यातल्या त्या पिंपळापाशी आजच्या दिवशी गावोगावचे आदिवासी फुलं घेऊन येतात. १२ मार्च २००९ रोजी, बाबुरावांच्या जन्मदिनी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.