नवापूर ते सुरत: लुटीचे शहर, हजचे बंदर

आम्हा नवापूरकरांना सुरत काही लांब नाही. ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसले की दोन-अडीच तासांत माणूस सुरतेत. शनिवार-रविवारी इथली पुष्कळ कुटुंबे सुरतेला जातात. कापड खरेदी, नातेवाईकांकडे जेवण, संध्याकाळी डुमसचा समुद्र, आणि रविवारी रात्री परत. या लेखात मी त्याच दोन दिवसांचा वेगळा बेत सुचवणार आहे. तो पायी फिरण्याचा आहे आणि इतिहासाचा आहे.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. या दोन भाषांत सुरतेची दोन नावे आहेत. मराठी इयत्तांमध्ये सुरत येते ती 'सुरतेची लूट' या शब्दांत. उर्दूत आणि घरातल्या बुजुर्गांच्या तोंडी ती येते 'बाबुल मक्का' म्हणून, म्हणजे मक्केचा दरवाजा. मोगल काळात तिला 'बंदर-ए-मुबारक' म्हणत. वर्गात एका मुलाने मला विचारले होते, "सर, सुरत लुटली तेव्हा आपण कोणत्या बाजूला होतो?" प्रश्न निरागस होता, पण त्यातला 'आपण' मला टोचला. त्याचे उत्तर फळ्यावर लिहून भागत नाही. सुरतेत चालत गेले की ते जास्त नीट सापडते.

निघण्याआधी थोडे आपल्या गावाबद्दल. नवापूरचे स्टेशन दोन राज्यांत विभागलेले आहे. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत, आणि घोषणा चार भाषांत होतात. हद्दीचे बाक पाहायला लोक येतात, फोटो काढतात. पण ही हद्द १९६० ची आहे. त्याआधी कितीतरी शतके नवापूर हे सुरत–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे मुक्कामाचे ठिकाण होते. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या रस्त्याचे टप्पे कोसांत दिले आहेत: सुरतेहून बारडोली, वालोड, मग नवापूर, आणि तिथून नऊ कोसांवर नंदुरबार. नवापूर हे विणकरांनी भरलेले मोठे खेडे असून इथला मुख्य व्यापार तांदळाचा आहे, असे तो सांगतो. हा तांदूळ बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि सुवासिक असे. हिंदुस्थानातले अमीर-उमराव तोच खात, आणि इराणात कुणाला खूश करायचे तर या तांदळाची गोणी भेट नेत. आमच्या तालुक्यात आजही भात पिकतो. आमची रंगावली नदी पुढे तापीला मिळते. म्हणजे आपल्या गावचे पाणी आपल्याआधी सुरतेला पोहोचते.

आग्रा, बऱ्हाणपूर, खानदेश इथले हाजी सुरतेकडे निघत तेव्हा याच रस्त्याने जात. बादशाही खजिना, नीळ, कापूस, तांदूळ यांचे तांडेही याच रस्त्यावर असत. हा रस्ता सुरतेत ज्या दरवाजातून शिरे त्याचे नाव बऱ्हाणपूर दरवाजा. दरवाजा आता नाही, पण बऱ्हाणपुरी भागळ हे नाव शहरात टिकून आहे.

आपली पायपीट इथूनच सुरू करावी. कारण जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी आपला तळ याच बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर एका बागेत दिला होता. शहराला तेव्हा पक्का कोट नव्हता, मातीची भिंत होती. शायिस्ताखानाच्या फौजेने तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता आणि त्या मोहिमेचा खर्च भरून काढायचा होता. महाराजांनी आधी निरोप पाठवला. सुभेदार इनायतखान आणि शहरातले तीन बडे व्यापारी, हाजी जाहिद बेग, वीरजी व्होरा आणि हाजी कासम, यांनी स्वतः येऊन खंडणी ठरवावी, नाहीतर शहराची खैर नाही. ही तीन नावे मी मुलांना नेहमी लिहायला सांगतो. दोन हाजी आणि एक जैन. नावे धर्म पाहून निवडलेली नाहीत, तिजोरी पाहून निवडलेली आहेत.

कुणी आले नाही. चार दिवस शहर लुटले गेले आणि त्याचा मोठा भाग जळाला. यात सामान्य माणसांचेही हाल झाले, आणि ते सांगताना आपण अडखळायचे कारण नाही. त्याच शहरात कापुचिन पाद्र्यांचा मठ आणि एका दानशूर दलालाचे घर मात्र सोडून दिले गेले, असे बर्निये हा फ्रेंच प्रवासी नोंदवतो.

बऱ्हाणपुरी भागळहून चौक बाजाराकडे चालत यावे. तापीच्या काठावर सुरतेचा किल्ला उभा आहे. सोळाव्या शतकात, १५४० नंतरच्या काही वर्षांत, गुजरातच्या सुलतानासाठी तो सफी आगा नावाच्या तुर्क सरदाराने बांधला. त्याचा किताब खुदावंदखान. पोर्तुगीजांनी १५३० मध्ये सुरत जाळली होती, म्हणून हा बंदोबस्त. किल्ल्यात आता संग्रहालय आहे. १६६४ मध्ये इनायतखान याच भिंतींमागे दडून बसला. पगार पाचशे शिपायांचा उचलायचा आणि तेवढे शिपाई ठेवायचे नाहीत, असा त्याचा कारभार होता. लाच देणाऱ्या श्रीमंतांना त्याने किल्ल्यात आसरा दिला, बाकी रयत बाहेर राहिली. औरंगजेबाने नंतर व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली. त्या मुलाच्या 'आपण' या शब्दात हा सुभेदार बसवायचा की हाजी जाहिद बेग, हे आधी ठरवावे लागेल. दोघेही मुसलमान होते. एक लुटला गेला, दुसऱ्याने त्याला वाऱ्यावर सोडले. तिकडे महाराजांच्या पायदळाचा सरनौबत म्हणून नूरखान बेगचेही नाव येते.

किल्ल्यापासून थोडे चालले की मुगलीसरा. इथली मोठी सराई १६४४ ची आहे. शाहजहानच्या काळात हकीकतखान याने ती बांधली आणि हाजींच्या मुक्कामासाठी दिली. आज तिथे सुरत महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. ही वास्तू वक्फ की महापालिकेची, यावरून अलीकडे वादही झाला. २०२१ मध्ये वक्फ बोर्डाचा निर्णय एका बाजूने लागला आणि २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो रद्द केला. कागद कुणाच्याही नावावर असो, दारात उभे राहून एवढे आठवावे की चार-चार महिने चालून आलेली माणसे इथे पाठ टेकत आणि जहाजाची वाट पाहत.

ही वाट पाहणे सोपे नव्हते. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली. समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना लागे, त्या खटाटोपात तिला सुरतेत जवळपास वर्ष काढावे लागले. बादशहाची आत्या ती, तिचे हे, मग गरीब विणकराचे काय? पुढे सुरतेचे उत्पन्न शाहजहानने आपली मुलगी जहानआरा हिला दिले. तिच्या मालकीचे 'साहिबी' नावाचे जहाज १६४३ पासून मक्केला जाऊ लागले. मक्केतल्या गरिबांसाठी दरवर्षी त्यात तांदूळ भरावा, असा तिचा हुकूम होता. तो वाचताना मला आमच्या भातशेतीची आठवण होते. १६९५ मध्ये हजहून परतणारे 'गंज-ए-सवाई' हे बादशाही जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटले आणि यात्रेकरूंवर भयंकर अत्याचार केले. सुरतेची ही दुसरी लूट आपल्या मुलांना कुठल्याच भाषेत फारशी माहीत नसते.

दुपारनंतर कतारगाम दरवाजाकडे, इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत जावे. १६६४ मध्ये इंग्रज वखारीचा बचाव करणारा जॉर्ज ऑक्झेंडन इथेच पुरला आहे, मृत्यू १६६९. त्याच्या कबरीवर घुमट आहेत, अगदी आपल्या मकबऱ्यांसारखे. सत्तेची भाषा तेव्हा तीच होती, म्हणून परक्यांनीही ती उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून रांदेरला जावे. सुरतेपेक्षा जुने हे बंदर. पोर्तुगीजांनी १५३० मध्ये तेही जाळले. इथले व्यापारी पुढे ब्रह्मदेशात गेले, आणि रमजानमध्ये रांदेरच्या रस्त्यावर रंगूनी पराठा मिळतो त्याचे मूळ तिथे आहे. लाकडी घरांच्या गल्ल्या पायीच पाहाव्यात. दुपारी वाहन करून सुवाळीचा किनारा गाठावा. तापीचे मुख उथळ असल्याने मोठी गलबते इथेच नांगर टाकत. १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना याच पाण्यात हरवले. पुढे तापीचा गाळ वाढला, व्यापार मुंबईला गेला आणि एकोणिसाव्या शतकात हाजींची जहाजेही मुंबईहून सुटू लागली. आज किनाऱ्यावर भेळ आणि उंट आहेत. पाण्यात उतरू नये, भरती फसवी असते.

उर्दूच्या मुलांसाठी एक गोष्ट अजून. आपल्या औरंगाबादचा वली दखनी, ज्याच्यापासून उर्दू गझलेचा मोठा प्रवाह सुरू झाला, त्याने सुरत शहराच्या तारीफमध्ये एक मस्नवी लिहिली आहे. त्याचे दखनी बोल मराठी कानाला परके वाटत नाहीत. दोन लुटींनंतरही त्याला हे शहर देखणे आणि नाना धर्मांच्या माणसांनी भरलेले दिसले.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले की तेव्हा 'आपण' असा एक गट नव्हता. व्यापारी होते, सुभेदार होता, स्वराज्याची फौज होती, हाजी होते, आणि त्या सगळ्यांच्या वाटेवर नवापूरचा विणकर होता. तो आता दहावीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत वडिलांबरोबर सुरतेला जाणार आहे. मी त्याला बऱ्हाणपुरी भागळपासून सुरुवात करायला सांगितली आहे. तुम्हीही मुलांना घेऊन जा, चपला मजबूत घ्या, आणि सोबत इतिहासाचे पुस्तक ठेवा. सराईच्या दारात बसून लुटीचा धडा वाचायला पंधरा मिनिटे पुरतात.