पोलादांत कोरलेलें अक्षर

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण ह्या टापूंतील कारखान्यांत पंच आणि डाय हे शब्द नित्य कानांवर पडतात. कठीण पोलादाचा पंच मऊ धातूंत ठोकला म्हणजे त्याची हुबेहूब आकृति तेथें उमटते, हें तेथील शिकाऊ मुलासहि ठाऊक असतें. ह्याच युक्तीनें मराठी अक्षराला छापील रूप लाभलें. पोलादाच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो पंच तांब्यांत ठोकून साचा करावयाचा, आणि साच्यांत शिशाचा मिश्र धातु ओतून खिळे पाडावयाचे. नागरींत मात्रा वर, उकार खालीं, शिवाय जोडाक्षरांचा पसारा. तेव्हां खिळ्यांची संख्या शेंकड्यांवर जाई. एवढा खर्च सरकारनें किंवा मिशनसारख्या संस्थेनेंच करावा, अशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची स्थिति होती. आणि जो खिळे पाडील तोच अक्षराचें वळण ठरवील, हें ओघानेंच आलें.

मुंबईच्या गणपत कृष्णाजींपाशीं ना सरकारचा पैसा होता, ना विलायती यंत्र. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून त्यांनीं लांकडी यंत्र स्वतःच घडविलें, दगडावरून ठसे घेण्याचे प्रयोग केले, शाईहि आपणच बनविली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. शाईंत चरबी असते म्हणून छापील कागदास शिवूं नये, असें मानणारे लोक तेव्हां पुष्कळ होते. गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई केली! पंचांगाऐवजीं एखादा भारदस्त ग्रंथ त्यांनीं आधीं कां निवडला नाहीं, असें विचारणाऱ्यास मराठी घराची ओळख नाहीं, असेंच म्हणावें लागेल. दर वर्षीं नव्यानें लागणारें दुसरें पुस्तक त्या घरांत कोणतें होतें? शिळाछापांत लेखकाच्या बोरूचें वळण कागदावर जसेंच्या तसें उतरे, हा लाभ निराळाच. पुढें त्यांनीं खिळ्यांची छपाईहि सुरू केली.

जावजी दादाजी चौधरी (जन्म १८३९) हे त्याच मिशनच्या छापखान्यांत लहानपणींच खिळे घासण्याच्या कामावर लागले. ज्याच्या बोटांखालून रोज हजारों अक्षरें जातात, त्याला कोणतें अक्षर बेढब आहे हें सांगावें लागत नाहीं. १८६४ सालीं त्यांनीं खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. राणू रावजी आरू हे कुशल कारागीर त्यांना लाभले होते. अक्षरें कोरण्याचें काम मुख्यतः त्यांचें. ओतारी, छापखानदार आणि प्रकाशक हीं तिन्ही कामें एकाच छपराखालीं आल्यामुळें एखादें जोडाक्षर डोळ्यांस खटकलें तर तें पुन्हां कोरून घेण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नव्हती. निर्णयसागरच्या पुस्तकांतील सौष्ठव पुष्कळसें ह्या मोकळीकेंतून आलें. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओकांचें ‘बालबोध’ मासिक तेथूनच निघूं लागलें. १८८६ मध्यें सुरू झालेली संस्कृत ‘काव्यमाला’ पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब ह्यांनीं संपादिली. मुलांस आणि शास्त्र्यांस एकाच घरचें अक्षर मिळालें. तेथले खिळे इतर छापखान्यांसहि विकले जात, त्यामुळें तें वळण दूरवर पसरलें.

विसाव्या शतकांत ओळी जुळविणारीं यंत्रें आलीं. त्यांना कळा थोड्या. म्हणून लिपींतील अक्षरेंच कमी करावीं, असा आग्रह सुरू झाला. यंत्राची अडचण लिपीच्या माथीं मारण्याचाच हा प्रकार होता. संगणकावर ती अडचण उरली नाहीं, आणि रघुनाथ कृष्ण जोशी ह्यांनीं मायक्रोसॉफ्टसाठीं केलेला ‘मंगल’ टंक असंख्य पडद्यांवर पोंचला.

निर्णयसागरच्या पुस्तकांवर जावजींचें आणि त्यांच्या मागें पुत्र तुकाराम जावजी ह्यांचें नांव छापलेलें असे. आरूंचें नांव तेथें सहसा सांपडत नाहीं.