घोडबंदरची टेकडी आणि बाईंचा एक गुण

नववीच्या चाचणीत इतिहासाच्या बाईंनी विचारले होते, "ठाणे बेटावर आहे की मुख्य भूमीवर?" मी ठामपणे 'मुख्य भूमीवर' लिहिले आणि एक गुण गेला. वाद घालायला गेले, तर बाई म्हणाल्या, "घोडबंदरच्या किल्ल्यावर जाऊन ये. आणि ठाण्याबाहेर पडताना पूल मोज."

जायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली. याच रोडने रोज ऑफिसला जाते, पण किल्ल्यावर गेले ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, लेकीला घेऊन.

वर्सोवा पुलाजवळ खाडीकाठची ही बुटकी टेकडी. समोर वसईची खाडी, म्हणजे आपली उल्हास नदीच. ठाण्याजवळ पाण्याला दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जाते, दुसरी घोडबंदरवरून वसईच्या समुद्राला मिळते. या पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे साष्टी बेट. पश्चिमेला पाणजू बेट, त्याला टेकून रेल्वेचे पूल जातात. उत्तरेला तुंगारेश्वराचे डोंगर, पाठीशी येऊरचे जंगल.

अरबी घोडे इथे उतरत, म्हणून घोडबंदर, असे सांगतात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. ठाण्याहून वसईला जाणारे प्रत्येक गलबत या टेकडीखालून जाई. म्हणून इथे कोट उभा राहिला. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, त्याच वर्षी घोडबंदरही. साष्टी हातची गेल्यावर वसई एकाकी पडली, तरी चिमाजी अप्पांना ती घ्यायला मे १७३९ उजाडला. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

येताना लेकीने पूल मोजले. कल्याणकडे कळवा, भिवंडीकडे कशेळी, ऐरोलीकडे खाडीपूल, वसईकडे वर्सोवा. १८५३ ची पहिली आगगाडीसुद्धा ठाण्यापर्यंतच आली. खाडी ओलांडून कल्याणला पोचली ती १८५४ मध्ये.

आपण सगळे बेटावर वाढलो आणि आपल्याला ते ठाऊकच नव्हते. आता दोन्ही बाजूंच्या टॉवरमधून खाडी दिसेनाशी होते आहे. आपल्या मुलांना तर ती कळणारच नाही, कोणी टेकडीवर नेल्याशिवाय. एक रविवार ठरवूया का?

आणि बाई, तो एक गुण तुम्ही बरोबरच कापला होता.