गॉब्लिनची भाषा कुणाला येते? रोल-प्लेइंग गेममध्ये भाषेचे नियम कसे ठरतात

गुहेत एक गॉब्लिन पकडलाय. खजिना कुठे आहे हे त्याला माहीत आहे. पण तो फक्त गॉब्लिन भाषेत बोलतो, आणि ती पाचपैकी एकाच भिडूच्या कॅरेक्टरला येते. पुढची वीस मिनिटं तो एकटा बोलतो आणि बाकीचे चौघं मोबाईल काढून बसतात.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. या खेळात एक जण गेम मास्टर होतो आणि गोष्टीतलं जग उभं करतो. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात. काय होईल हे सांगता येत नसेल तिथे फासे टाकायचे. तलवारीचा वार लागला की नाही, हे फाशांवर ठरवणं सोपं आहे. समोरच्याचं बोलणं किती कळलं, हे कसं ठरवायचं?

सगळ्यांना येणारी 'कॉमन'

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात बहुतेक माणसांना 'कॉमन' नावाची भाषा येते. बोलू शकणाऱ्या इतर प्राण्यांची आपापली भाषा असते, पण त्यातल्या 20 टक्क्यांना कॉमनही येते. शिवाय कॅरेक्टरच्या बुद्धिमत्तेचा आकडा 10 च्या वर जितका, तितक्या जादा भाषा शिकता येतात. म्हणजे 13 असेल तर तीन.

इथे भाषा एक तर येते किंवा येत नाही. अधलंमधलं काही नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतही साधारण हेच आहे. खेळ सुरू असताना नवी भाषा शिकायची तर 250 दिवस आणि दिवसाला एक सोन्याचं नाणं लागतं. (हल्लीच्या क्लासच्या फीच्या मानाने स्वस्तच म्हणायचं.)

पण याच आवृत्तीत 'कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस' हा अगदी पहिल्या पातळीचा मंत्र आहे. तो म्हटला की तासभर कानावर पडणारी कुठलीही भाषा कळते. मग 250 दिवस घालवणाऱ्या भिडूने काय कमावलं? उत्तर आहे, पण ते चटकन लक्षात येत नाही. मंत्राने भाषा कळते, बोलता येत नाही.

टक्केवारी आणि तिचा घोळ

1981 च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये प्रत्येक भाषेला टक्के असतात. मातृभाषेचा आकडा कॅरेक्टरच्या शिक्षणावर ठरतो, परकी भाषा 1 टक्क्यापासून सुरू होते. शंभरच्या फाशांवर आपल्या टक्क्यांइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला की जमलं.

कागदावर हे खरं वाटतं. पण 50 टक्के फ्रेंच येणाऱ्याने प्रत्येक वाक्याला फासे टाकायचे का? तसं केलं तर चहा मागतानाही निम्म्या वेळा फसगत होईल. म्हणूनच सातव्या आवृत्तीत 50 टक्क्यांना अस्खलित धरतात, आणि 75 टक्के असले की माणूस तिथलाच म्हणून खपून जातो. फासे फक्त अवघड प्रसंगासाठी राहतात.

बोलणं वेगळं, वाचणं वेगळं

'गर्प्स' या खेळात आधी भाषा हे कौशल्य होतं. 2004 च्या चौथ्या आवृत्तीत ते काढून चार पायऱ्या केल्या: अजिबात नाही, मोडकीतोडकी, परक्या ढंगाची आणि मातृभाषेसारखी. बोलणं आणि वाचणं वेगवेगळं विकत घ्यायचं. मातृभाषेइतकी हवी तर प्रत्येकी 3, एकूण 6 गुण.

हा फरक किती कामाचा आहे ते मराठी वाचकाला मोडीवरून कळेल. 18 व्या शतकातल्या पुण्यात खेळ रंगलाय असं समजा. शिलेदाराच्या हाती शत्रूचं पत्र लागलं. भाषा मराठीच, पण त्याला अक्षर वाचता येत नाही. आता कारकून गाठायला हवा. आणि कारकुनाने वाचून दाखवलं ते खरंच पत्रात आहे का? न येण्यातून इथे पुढचा प्रसंग तयार झाला.

खरी मेख इथेच आहे. 'तुला कळलं नाही' असं सांगून गेम मास्टर दार बंद करतो. 'तुला चुकीचं कळलं' यातून मात्र गोष्ट पुढे सरकते. मोडकंतोडकं हिंदी येणारं मराठी कॅरेक्टर दरबारात ऐकतं की राजा मुलांना 'शिक्षा' देणार आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पण तोवर मुलांना पळवून नेण्याचा बेत ठरलेला असतो, आणि तो बेत अख्ख्या टेबलाचा असतो.

त्यामुळे वाक्यागणिक नको, प्रसंगाला एकदाच फासे टाकावेत. बाकीच्यांना खुणा, चेहरा वाचणं, दुभाष्यावर नजर ठेवणं अशी कामं द्यावीत. आणि सोळा भाषांची यादी देण्यापेक्षा गोष्टीत खरोखर लागतील अशा तीन-चार पुरेत.

फाशांशिवाय

'थॉर्नी गेम्स'ने 2018 मध्ये आणलेल्या 'डायलेक्ट'मध्ये भाषेचं कौशल्य असं काही नाहीच. जगापासून तुटलेल्या एका समूहाचे शब्द भिडू स्वतः घडवतात आणि शेवटी ती भाषा मरताना पाहतात. त्यांचाच 'साइन' हा खेळ निकाराग्वातल्या कर्णबधिर मुलांवर आहे. 1977 मध्ये ती एका शाळेत एकत्र आली आणि पुढे त्यांच्यातूनच एक नवी खुणांची भाषा जन्मली. या खेळात कुणी बोलायचं नाही, भिडू मिळून खुणा ठरवत जातात. आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचलं नाही आणि तडजोड करावी लागली की हातावर पेनाने एक खूण करायची.