साखर सोडली तरी पोट फुगतंय? आधी दूध, मध अन् कांदा-लसूण तपासा

जेवल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. आतड्याच्या या जुनाट दुखण्याला डॉक्टर 'आयबीएस' म्हणतात. घरात मात्र पहिला संशय साखरेच्या डब्यावर जातो. खरं तर या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या 'लो फॉडमॅप' आहारात साधी साखर बेतानं चालते.

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषले जाणारे काही पिष्टमय व गोड पदार्थ. ते आतड्यात पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना आंबवतात आणि गॅस धरतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये हा शब्द रूढ केला.

उसाची साखर म्हणजे सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं. आतड्यातलं विकर त्यांना वेगळं करतं आणि ग्लुकोजसोबत फ्रुक्टोजही शोषलं जातं. मधात फ्रुक्टोजचं प्रमाण ग्लुकोजपेक्षा जास्त, म्हणून ते मागे उरतं. साखर सोडून रोज सकाळी मधपाणी घेणाऱ्याचा त्रास त्यामुळे वाढूही शकतो. 'शुगर फ्री' च्युइंगमचंही तसंच, त्यातलं सॉर्बिटॉल नीट शोषलं जात नाही.

पुरणपोळी खाल्ली की पोट जड होतं, दोष गोडाला. पण पोळीच्या गव्हात फ्रुक्टन आणि पुरणाच्या हरभरा डाळीत गॅलॅक्टन असतं, हे दोन्ही फॉडमॅपच. चहात साखरेऐवजी दूध बघावं, कारण दुधातलं लॅक्टोज अनेकांना पचत नाही. कांदा-लसूण तर आपल्या प्रत्येक फोडणीत. ते फोडणीच्या तेलात परतून काढून टाकले तर चव राहते, कारण फ्रुक्टन तेलात उतरत नाही. रश्श्यात शिजवले की मात्र ते पाण्यात उतरतं.

काही थोड्या लोकांत सुक्रोज फोडणारं विकरच कमी असतं, त्यांना साखरही बाधते. मधुमेह्यांना तर ही सूट नाहीच. निरोगी माणसानंही वरून घातलेली व इतर मोकळी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हा आहार कायमचा नाही. दोन ते सहा आठवडे पाळून मग एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा, तोही आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा रक्त कमी असेल तर आहाराचे प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवावं.