आशिया शिकवायचा, तर शिक्षकाने आशिया पाहायला हवा

जगातले बहुसंख्य मुसलमान आशियात राहतात. सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश इंडोनेशिया आहे. त्याच्यामागोमाग पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश येतात. तरीही परदेशातल्या वर्गात इस्लामचा विषय निघाला की बोलणं पुष्कळदा अरबस्तानापासून सुरू होतं आणि तिथंच संपतं. जावा, बंगाल, दख्खन यांचं नावही निघत नाही. असं का होतं? साधं कारण म्हणजे शिकवणाऱ्याने हे प्रदेश पाहिलेले नसतात, तिथली भाषा त्याला येत नसते. मग पाठ्यपुस्तकात असेल तेवढंच तो सांगतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत गेली अनेक दशकं ‘आशिया अभ्यास’ हा विषय आणि प्राध्यापकांना आशियात पाठवणाऱ्या योजना चालत आल्या आहेत. या योजना कशा चालतात, त्यांचं काय चाललंय आणि आपल्या घरांशी त्यांचा काय संबंध, हे या लेखात पाहू.

सुरुवात कशी झाली?

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणात परकीय भाषा आणि परकीय प्रदेशांच्या अभ्यासासाठी विद्यापीठांना पैसे देण्याची सोय होती. हिंदी, उर्दू, फारसी, इंडोनेशियन अशा भाषा अमेरिकी विद्यापीठांत रुजल्या, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. १९६१ मध्ये फुलब्राइट-हेज कायदा आला. त्याखाली प्राध्यापक, संशोधक आणि शाळाशिक्षक यांना परदेशात जाऊन अभ्यास करण्यासाठी अनुदान मिळू लागलं.

पुस्तकांची सोयही याच काळात झाली, तीसुद्धा आपल्या गव्हातून! ‘पीएल ४८०’चा गहू जुन्या पिढीला आठवत असेल. त्या धान्याची किंमत भारताने रुपयांत चुकती केली. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात केली. मराठी आणि उर्दू पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कपाटांत पोहोचली ती अशी.

महाराष्ट्राशीही याचा थेट धागा आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचं भारतातलं काम पुण्यातल्या डेक्कन कॉलेजातून सुरू झालं. ही संस्था एका विद्यापीठाची नाही, अनेक अमेरिकी विद्यापीठांनी मिळून ती चालवली आहे. तिचे मराठीचे वर्ग पुण्यात, तर उर्दूचे लखनौमध्ये भरत आले आहेत.

एका प्रवासातून काय हाती येतं?

रिचर्ड ईटन यांचं उदाहरण घेऊ. त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ॲरिझोना विद्यापीठात इतिहास शिकवला. दोन्ही सरकारी विद्यापीठं. विजापूरच्या सूफींवरचं त्यांचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यासाठी फारसी वाचता येणं तर गरजेचं होतंच, पण तेवढ्याने भागणारं नव्हतं. दख्खनी भाषेतल्या ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ या रचनांकडे त्यांनी लक्ष वेधलं. बायांनी जात्यावर दळताना, चरख्यावर सूत काढताना म्हणायची ही गाणी, आणि त्यात सूफींची शिकवण गुंफलेली. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या मराठी माणसाला यातलं नातं लगेच कळेल. दख्खनेत इस्लाम लोकांच्या घरात कसा पोहोचला, याचं एक उत्तर दरबारी तवारिखांच्या बाहेर, जात्याच्या घरघरीत सापडतं. हे उत्तर परदेशात बसून, भाषांतरित पुस्तकं वाचून हाती लागणं कठीण होतं.

२००५ मध्ये ईटन यांनी दख्खनचा सामाजिक इतिहास आठ व्यक्तींच्या आयुष्यांतून मांडला. त्यात गुलबर्ग्याचे ख्वाजा गेसूदराज आहेत, वजीर महमूद गावान आहे, खडकी शहर वसवणारा मलिक अंबर आहे, आणि त्याच पुस्तकात संत तुकाराम आणि महाराणी ताराबाईसुद्धा आहेत. एकाच मातीतली माणसं म्हणून ती शेजारी शेजारी उभी आहेत.

दौरा आणि सहल यांतला फरक

सगळेच प्राध्यापक वर्षानुवर्षं संशोधन करत नाहीत. इंग्रजी, अर्थशास्त्र, कला किंवा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला आशियाची निदान ओळख तरी व्हावी, यासाठी वेगळ्या योजना आहेत. हवाई विद्यापीठ आणि होनोलुलूचं ईस्ट-वेस्ट सेंटर यांनी मिळून १९९० मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. आशियाचे तज्ज्ञ नसलेल्या कॉलेज-शिक्षकांना उन्हाळ्यात प्रशिक्षण द्यायचं, काहींना आशियातल्या देशांत अभ्यासदौऱ्यावर न्यायचं आणि परतल्यावर त्यांनी आपल्या नेहमीच्या विषयांत आशियाचे धडे घालायचे, अशी त्याची पद्धत. फुलब्राइट-हेजच्या गट-दौऱ्यांतही प्राध्यापक आणि शाळाशिक्षक काही आठवडे एखाद्या देशात राहतात आणि परत येऊन वर्गासाठी साहित्य तयार करतात.

चांगला दौरा ओळखायचा कसा? आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात. जाण्यापूर्वी वाचन आणि थोडी तरी भाषा शिकवली जाते का? यजमान देशातले विद्वान शिक्षक म्हणून बोलतात, की नुसते वाटाडे असतात? राजधानी आणि प्रसिद्ध इमारती सोडून गाव, बाजार, मदरसा, दर्गा, कारखाना पाहायला मिळतो का? आणि परतल्यावर अभ्यासक्रमात काय बदललं, याचा हिशेब द्यावा लागतो का? या चारही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो अभ्यासदौरा म्हणवत नाही, ती सरकारी खर्चाची सहल झाली.

सरकारी विद्यापीठांतच हे जास्त गरजेचं का?

श्रीमंत खासगी विद्यापीठांकडे देणग्यांचा मोठा निधी असतो. त्यांचे प्राध्यापक कसंही करून जातात. तिथल्या मुलांनाही परदेशी जायची ऐपत असते. सरकारी विद्यापीठात आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात मात्र नोकरी सांभाळून शिकणारी, घरातली पहिलीच पदवीधर होणारी मुलं मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यातल्या अनेकांना आशियात जायला मिळणार नाही. त्यांचा शिक्षक जाऊन आला, तरच आशिया त्यांच्यापर्यंत येणार.

साधा हिशेब करून पाहू. एक शिक्षक एका सत्रात चार वर्ग घेतो आणि प्रत्येक वर्गात ३० मुलं आहेत, असं धरू. म्हणजे सत्राला १२०, वर्षाला २४० आणि दहा वर्षांत २,४०० विद्यार्थी. तिकीट एकाचं, पण लाभ अडीच हजारांना! हीच मुलं पुढे शिक्षक, पत्रकार, पोलीस, परिचारिका होतात. शेजारी राहायला आलेल्या मुस्लिम कुटुंबाकडे ती कोणत्या नजरेने पाहतील, हे थोडंफार तरी त्या वर्गात ठरतं. मराठी मुस्लिम घरांतली जी मुलं-मुली आज परदेशात शिकतात, नोकरी करतात, त्यांना याची किंमत चांगलीच ठाऊक असेल.

टीका आणि कात्री

या योजनांवर आक्षेपही आहेत आणि ते बाजूला सारता येणार नाहीत. मुळात पैसा आला तो ‘संरक्षणा’च्या नावाने. १९७८ मध्येच एडवर्ड सईद यांचं ‘ओरिएंटलिझम’ प्रसिद्ध झालं आणि पूर्वेचा अभ्यास करणाऱ्याच्या हातात सत्ताही असते, हा मुद्दा कायमचा ऐरणीवर आला. २००१ नंतर उर्दू, अरबी, फारसी भाषांकडे अमेरिकी सरकारचं लक्ष पुन्हा वळलं, त्यामागेही सुरक्षेची काळजी होती. ज्या समाजाचा अभ्यास केवळ भीतीपोटी होतो, त्याला आपण समजून घेतले जातोय असं कधीच वाटत नाही.

पण यावर उपाय अभ्यास बंद करणं हा नाही. जाणारा माणूस कमी झाला की समज वाढत नाही, ऐकीव माहिती वाढते. आणि कात्री तर लागतेच आहे. २०११ मध्ये या भाषा-प्रदेश योजनांच्या केंद्रीय निधीत सुमारे ४० टक्के कपात झाली. २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाने फुलब्राइट-हेज अनुदानांसाठीची त्या वर्षीची निवड प्रक्रियाच रद्द केली. भाषेचा विभाग उभा करायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, बंद पडायला एक अर्थसंकल्प पुरतो.

आपण काय करू शकतो?

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्याकडेही पाहू. आपल्या मुलांना लंडन-न्यूयॉर्कची माहिती असते, पण जकार्ता, ताश्कंद, ढाका इथल्या विद्यापीठांत काय चालतं याचा पत्ता नसतो. मुंबई विद्यापीठात मध्य युरेशिया अभ्यासाचं केंद्र आहे, तिथे अरबी, फारसी आणि उर्दूचेही विभाग आहेत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकता येते. या वर्गांना विद्यार्थी मिळाले तर ते टिकतील. कॉलेजात प्रवेश घेताना ‘स्कोप काय?’ एवढंच विचारून या विषयांवर फुली मारू नये. फारसी आणि मोडी दोन्ही वाचणारा तरुण आज दख्खनच्या इतिहासात दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याला मागणी आहे.

उर्दू शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांसाठी फुलब्राइटचीच एक उलट्या दिशेची वाट आहे. तिच्यातून भारतातले भाषाशिक्षक साधारण नऊ महिने अमेरिकी विद्यापीठात जाऊन आपली भाषा शिकवतात. दिल्लीतली, १९५० पासून चालत आलेली भारत-अमेरिका शैक्षणिक संस्था ही निवड करते. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या अटी आणि तारखा नीट तपासून घ्याव्यात.

शेवटची गोष्ट घरातली. पेटीत ठेवलेली जुनी सनद, दर्ग्याच्या इनामाचे कागद, आजीला येणारी दख्खनी गाणी, हे सगळं इतिहासाचं साधन आहे. कागद रद्दीत देऊ नका, कोरड्या जागी ठेवा, त्यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. आजीची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करा. उद्या कुणी अभ्यासक दारात आला, तर त्याचं स्वागत करा, चहा पाजा, आणि तो काय लिहिणार आहे हेही मोकळेपणाने विचारा. अर्थात आपल्या घरातलीच एखादी मुलगी ती गाणी घेऊन विद्यापीठात पोहोचली, तर त्याहून चांगलं काय!