हँग ग्लायडर आणि ट्राइकचा पंख कसा तपासतात?

पंख तपासायचा म्हटलं की बहुतेक जण आधी कापड बघतात. मी तारांपासून सुरुवात करतो. उडताना पंख वरच्या बाजूला दुमडू नये म्हणून कंट्रोल फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांतून दोन्हीकडे जाणाऱ्या तारा त्याला धरून ठेवतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर: तार तुटली तर तिचं काम करायला दुसरं काहीच नाही.

ही तार बऱ्याचदा ७ पेडांची असते, प्रत्येक पेडात ७ बारीक तारा, एकूण ४९. ती सहसा मधे नाही, टोकाशी खराब होते, जिथे धातूच्या कडीभोवती वळून ती दाबलेल्या नळीत शिरते. पंखाची घडी घालताना तीच जागा वाकते. तिथे एकही बारीक तार तुटलेली दिसली, किंवा मुडपल्याची खूण दिसली, तर अख्खी तार बदला. सरळ करून वापरायची नाही. बाकी लांबीवर फडकं फिरवा (बोट नको, सुईसारखं घुसतं). कुठे अडकलं की समजा.

तरी नुसतं बघून भागत नाही. पंख उभारला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे बाजूच्या तारेवर पाय ठेवून जोर द्यायचा. तुटायचीच असेल तर जमिनीवर तुटू दे.

कापडाचा शत्रू ऊन. डेक्रॉन आतून कमजोर होतं आणि तरीही छान दिसतं. म्हणून ट्राइकच्या तपासणीत त्यात सुई खुपसून स्प्रिंगच्या काट्याने ठरलेल्या वजनापर्यंत ओढतात. फाटलं तर कापड बाद. शिवणीचा दोराही तसाच ओढून बघतात. उडून झालं की पंख लगेच पिशवीत घाला, पण ओला असेल तर आधी वाळवून.